शाळकरी मुलांची शिदोरी

पंतोजींच्या शाळेपासून घर हाकेच्या अंतरावर असल्यामुळे मुलांच्या दुपारच्या जेवणाची निराळी तजवीज करण्याचे कारण सहसा पडत नसे. परंतु एकोणिसाव्या शतकात सरकारी शाळा निघाल्या, घड्याळाचा अंमल सुरू झाला, आणि दप्तराबरोबर काहीतरी बांधून देणे हे गृहिणीच्या नित्यकर्मात दाखल झाले. (परगावी शिकणाऱ्या निर्धन विद्यार्थ्याला मात्र माधुकरी किंवा वार लावून जेवणे चुकले नाही.)

प्रवाशाच्या शिदोरीचे शास्त्र येथे आयतेच उपयोगी पडले. दशमीची कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवावयाची, म्हणजे ती दुपारपर्यंत मऊ राहते. आणि तिला तूप-गूळ लावून सुरळी केली की मुलाचा एक हात खाण्यात गुंतला तरी दुसरा गोट्यांसाठी मोकळा! पितळी डब्याची कल्हई उडाली तर आंबट पदार्थ कळकतो, म्हणून कल्हईवाल्याची प्रतीक्षा घरोघर असे. मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा यांच्यापुढे आजची रंगीत वेष्टनातली बिस्किटे मला तरी निःसत्त्वच वाटतात.

मुंबईत १८९०च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी डबे पोहोचविण्याचा व्यवसाय आरंभिला, मावळ-खेड-जुन्नर मुलखातील माणसांनी तो वाढविला, आणि कचेऱ्यांप्रमाणे शाळांतही घरचे अन्न पोहोचू लागले. ज्याच्या घरी डबा भरण्याची ऐपतच नव्हती, त्या मुलासाठी केंद्र सरकारची शाळेतील दुपारच्या आहाराची देशव्यापी योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, आणि शिजविलेले अन्नच देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम २००१ साली निघाला. हा विलंब अक्षम्यच म्हटला पाहिजे.