चहाच्या दुकानातून निघालेली डिग्री

पुणे विद्यापीठात एमसीए वर्षानुवर्षं दोन घरांत नांदला. एक सायन्स फॅकल्टीत, दुसरा मॅनेजमेंटमध्ये. या दुसऱ्या घरातल्या पोरांना इंजिनिअरिंगवाले हमखास चिडवतात, "तुम्हाला प्रोग्रॅमिंग शिकवतात की जमाखर्च?" परदेशात या पोरांची भावंडं म्हणजे 'इन्फर्मेशन सिस्टिम्स'चे विद्यार्थी, तेही बहुतेक वेळा बिझनेस स्कूलमध्येच. त्यांचा सिलॅबस पाहिला की पहिल्यांदा भेळच वाटते. डेटाबेस, थोडं प्रोग्रॅमिंग, सिस्टिम ॲनालिसिस, अकाउंटिंग, आणि वर 'माणसं संस्थेत कशी वागतात' असा एक पेपर. ही भेळ कालवली कोणी?

तर मंडळी, गोष्ट सुरू होते लंडनमध्ये, चक्क चहा आणि केक विकणाऱ्या कंपनीत. जे. लायन्स अँड कंपनी. यांची टीशॉप्स लंडनभर पसरलेली. एका कप चहावर सुटणार काही पेन्स, आणि त्यासाठी बिलं, पगार, पाव-केकचा हिशोब करायला कारकुनांची फौज. जॉन सिमन्स नावाचा केंब्रिजचा गणिती तिथे व्यवस्थापनात होता. ऑफिसातली कामं कशी चालतात आणि ती सोपी कशी करता येतील, एवढंच बघणारं एक खातं लायन्सकडे १९३० च्या दशकापासून होतं. कंप्युटर जन्मायच्या आधी, बरं का!

१९४७ मध्ये लायन्सचे दोन अधिकारी, थॉम्प्सन आणि स्टँडिंगफर्ड, अमेरिकेत नवीन ऑफिस-यंत्रं बघायला गेले. तिथे प्रिन्स्टनमध्ये त्यांना कळलं की असलं यंत्र तुमच्याच केंब्रिजमध्ये बनतंय. म्हणजे काखेत कळसा! लायन्सने केंब्रिजच्या एडसॅक प्रकल्पाला ३,००० पौंड दिले, मदतीला आपला एक माणूस दिला, आणि मग त्याच धर्तीवर स्वतःचा कंप्युटर बांधला. नाव लिओ. सुमारे ६,००० व्हॉल्व्ह. नोव्हेंबर १९५१ पासून बेकरीच्या मालाचं मूल्य काढायचं काम लिओ दर आठवड्याला करू लागला. कंप्युटरने नियमितपणे केलेलं ऑफिसातलं पहिलं काम म्हणून हेच सांगितलं जातं. पुढे पगार आले. एका माणसाचा पगार काढायला सराईत कारकुनाला ८ मिनिटं लागायची, लिओला दीड सेकंद.

पण मला स्वतःला पगारापेक्षा १९५४ मधलं टीशॉपच्या ऑर्डरचं काम जास्त भारी वाटतं. प्रत्येक दुकानाला उद्या किती पाव, किती केक पाठवायचे हे रोज ठरवायचं. सरळ विचार करणारा इंजिनिअर काय म्हणेल? रोज प्रत्येक दुकानाची पूर्ण यादी मशीनमध्ये भरा. पण कार्ड पंच करणं महाग आणि वेळखाऊ. लायन्सच्या लोकांनी दुकानं नीट बघितली आणि त्यांच्या लक्षात आलं, की सोमवारची ऑर्डर बहुतेक सोमवारी सारखीच असते. मग प्रत्येक दुकानाची वारानुसार ठरलेली ऑर्डर आधीच तयार ठेवली, आणि दुकानाच्या मॅनेजरबाईंनी दुपारी फोनवर फक्त बदल सांगायचे. 'आज वीस पाव कमी', बस्स. पलीकडे कानाला हेडफोन लावलेली मुलगी ऐकता ऐकता कार्ड पंच करायची.

यात हार्डवेअरची करामत शून्य. पावाचं दुकान कसं चालतं हे कळलं म्हणून सिस्टिम चालली. ही सगळी आखणी करून घेणारा डेव्हिड कॅमिनर १९३६ पासून लायन्समध्ये होता. म्हणजे आधी धंदा माहीत, कंप्युटर नंतर. आजच्या 'सिस्टिम ॲनालिसिस अँड डिझाइन' या पेपरात (जो आदल्या रात्री वाचून पास होतात असा सार्वत्रिक समज आहे) हेच तर शिकवतात.

आता यातून डिग्री कशी निघाली? लायन्समध्ये १९५२ साली फ्रँक लँड नावाचा तरुण लागला. बर्लिनमध्ये जन्मलेला, १९३९ मध्ये इंग्लंडला आलेला, शिक्षण अर्थशास्त्राचं. पंधरा वर्षं लिओवर घासल्यावर १९६७ मध्ये तो लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेला, सिस्टिम ॲनालिसिस शिकवायला. पुढे तो ब्रिटनमधला इन्फर्मेशन सिस्टिम्सचा पहिला प्रोफेसर झाला. अटलांटिकपलीकडे त्याच सुमारास, १९६८ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस वगैरेंनी एमआयएसचा अभ्यासक्रम सुरू केला. गंमत म्हणजे त्याच वर्षी एसीएमने कंप्युटर सायन्सचा नमुना सिलॅबस काढला होता. त्यात गणित भरपूर, पण ऑफिस औषधालाही नाही. ती उणीव भरायला १९७२ मध्ये इन्फर्मेशन सिस्टिम्सचा वेगळा सिलॅबस आला. पदव्युत्तर, १३ विषयांचा. त्यातला एक विषय होता माहिती-प्रणालींचे सामाजिक परिणाम. १९७२ मध्ये! फेसबुकचा झुकरबर्ग जन्मायला अजून बारा वर्षं होती.

डेटाबेसचा पेपर म्हणजे कॉडचा १९७० चा रिलेशनल मॉडेल, त्यानेच पुढे मांडलेले नॉर्मल फॉर्म, आणि पीटर चेनच्या १९७६ च्या ईआर आकृत्या. पन्नास वर्षांत त्याचा गाभा फारसा हललेला नाही. त्यावर जास्त बोलत नाही, सगळ्यांनीच चौकोन-शंकरपाळ्या काढल्यात.

खरी मारामारी झाली प्रोग्रॅमिंगवरून. २०१० च्या नमुना सिलॅबसमध्ये सात मुख्य विषय ठेवले आणि प्रोग्रॅमिंग त्यातून काढून ऐच्छिक केलं. तर्क असा, की कोड लिहायला इतर लोक आहेत, आपली पोरं धंदा आणि तंत्रज्ञान यांच्या मधे उभी राहणार. मला हे अजिबात पटत नाही. कॅमिनरला धंदा माहीत होता हे खरं, पण कार्ड पंचिंग किती हळू चालतं हेही माहीत होतं, म्हणून तर 'फक्त बदल सांगा' हे सुचलं. मशीनला काय जड जातं हे ज्याने कधी अनुभवलंच नाही, त्याला ते सुचणार कुठून? शेवटी २०२० च्या सिलॅबसमध्ये प्रोग्रॅमिंग पुन्हा सक्तीचं झालं.