आख्ख्या आळीने भरलेत!

मागच्या शनिवारी ऑफिसातल्या एका मित्राच्या गावी, कुरकुंभला गेलो होतो. पुणे-सोलापूर हायवेवर दौंड-बारामती रस्ता जिथे आडवा येतो तेच हे गाव. फिरंगाई देवीचं दर्शन, मग पिठलं-भाकरी असा साधा बेत होता. जेवता जेवता मित्राच्या वडिलांनी विषय काढला. कुठल्याशा स्कीममध्ये दरमहा अमुक टक्के मिळतात, आणि त्यासाठी एफडी मोडायची म्हणत होते. मी आपला आयटीवाला! लगेच विचारलं, "काका, पण ते लोक एवढं व्याज देतात कुठून?" काका म्हणाले, "आरं, आख्ख्या आळीनं भरल्यात. एवढी माणसं येडी हायत व्हय?"

उत्तर सुचलं नाही. (मी स्वतः २०२१ मध्ये ऑफिसच्या ग्रुपवर सगळे घेतायत म्हणून एक शेअर घेतला होता. तो आजही निम्म्यावर आहे. असो.)

परत येताना मात्र डोक्यात १८६५ साल घोळत होतं. कारण काकांचा हा युक्तिवाद मुंबईतल्या भल्या भल्या बँकवाल्यांनीही केलेला आहे.

झालं असं, की १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडून येणारा कापूस बंद झाला. मग सगळी भिस्त हिंदुस्थानच्या कापसावर. भाव कडाडले, मुंबईत पैशाचा पूर आला. हा पैसा ठेवायचा कुठे? रोज नवी बँक, रोज नवी कंपनी! समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. समुद्र अजून तिथेच होता, पण बघतो कोण? प्रेमचंद रायचंद घेतायत ना, मग आपणही घ्यायचा.

मला गंमत वाटते ती बँक ऑफ बॉम्बेची. ही काही ऐरीगैरी बँक नव्हे, सरकारचाही तिच्यात हिस्सा. पण १८६३ च्या नव्या कायद्याने तिचे जुने निर्बंध सैल झाले आणि ती शेअरच्या तारणावर भरमसाट कर्जं देऊ लागली. म्हणजे बघा, शेअर चढतोय म्हणून कर्ज, आणि कर्ज मिळतंय म्हणून शेअर चढतोय. संचालक मंडळावर शिकलेली, अनुभवी माणसं होती. पण भरल्या मांडवात "थांबा" म्हणायचं कोणी? एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आलं, भाव कोसळले. १ जुलैला वायद्याचे सौदे चुकते करायची वेळ आली तेव्हा भले भले बुडाले. बँकेचा २,८५० पर्यंत गेलेला शेअर पुढे ८७ रुपयांवर आला आणि १८६८ मध्ये बँकच गुंडाळावी लागली.

पण ही नुसती मुंबईची गोष्ट नाही. १८६० पर्यंत रेल्वे दौंडवरून सोलापूरला पोचली होती. कापसाच्या तेजीत शिरूर, भीमथडी (आजच्या दौंडचा बराचसा भाग त्यातच होता) इकडचे सावकारही हात सैल सोडून कर्ज देत होते. शेजारचा सावकार देतोय, मग आपण मागे का राहा? शेतकरीही घेत होता. तेजी ओसरली तसं सगळ्यांनी एकदमच हात आखडले. नवं कर्ज बंद, जुन्याची वसुली सुरू. त्यात १८६७ पासून सरकारने शेतसारा वाढवत नेला.

डिसेंबर १८७४. शिरूर तालुक्यातलं कर्डे गाव. तिथल्या बाबासाहेब देशमुखांवर काळूराम या सावकाराने हुकूमनामा मिळवला. प्रकरण अवघं दीडशे रुपयांचं. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांचं शेत कोणी कसायचं नाही, पाणी भरायचं नाही, न्हाव्याने हजामत करायची नाही. जो मोडेल तो वाळीत! बहिष्काराची लाट गावोगाव पसरली. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे काढून जाळले. सुपे कुरकुंभपासून गाडीने तासाभराच्या आत. जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. चौकशीला कमिशन बसलं आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा आला.

मला यात विचित्र वाटतं ते हे, की कर्ज वाटताना, ते आटवताना आणि शेवटी ते जाळतानाही प्रत्येक जण शेजाऱ्याकडेच बघत होता. पण कर्ड्याच्या लोकांना निदान माहीत होतं, की आपण एकत्र काय करतोय. बँकेच्या मंडळींना तेही नव्हतं. तिथे प्रत्येकाला वाटत होतं, की हा आपला स्वतःचा हिशोब आहे.

रविवारी रात्री मित्राला फोन करून हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबांना बँक ऑफ बॉम्बे नको सांगूस, सुप्याचं सांग. आमच्या आजीचं माहेर तिकडचंच आहे."

काकांनी अजून पैसे भरलेले नाहीत. "बघू दिवाळीनंतर," म्हणालेत. समोरच्या घरातले मात्र परवा भरून आले.