यादीबाहेरचे द्राक्ष

व्ही. एस. नायपॉल यांना नोबेलच्या आठ वर्षे आधी, 1993 साली, इटलीतील नोनिनो पुरस्कार मिळाला होता. टोमास ट्रान्सट्रोमर यांना तो 2004 मध्ये आणि मो यान यांना 2005 मध्ये मिळाला. साहित्याच्या अभ्यासकांना ही नावे परिचित आहेत. या पुरस्काराचे मूळ मात्र काही द्राक्षवेलींपाशी जाते, हे आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते.

त्यांतली एक वेल स्किओप्पेत्तीनो या काळ्या द्राक्षाची. इटलीच्या ईशान्य टोकाला फ्रिउली प्रदेशात, आजच्या स्लोव्हेनियाच्या सीमेलगत, प्रेपोत्तो गाव आहे. तिथल्या टेकड्यांवरचे हे वाण. त्याच्या नावाचा संबंध 'तडतडणे' या अर्थाच्या इटालियन क्रियापदाशी जोडतात. दाताखाली साल फुटते म्हणून, की जुन्या पद्धतीची वाइन किंचित फसफसत असे म्हणून, याबद्दल एकमत नाही. वाइनला मिऱ्याचा स्पष्ट गंध असतो.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्झेरा या किडीने युरोपातील वेलींची मुळे पोखरली. अमेरिकी खुंटावर युरोपीय वेलीचे कलम बांधण्याचा उपाय सापडला. पण नवी लागवड करताना मेर्लोसारख्या फ्रेंच वाणांना पसंती मिळाली. म्हणजे किडीने सुरू केलेले काम माणसांच्या निवडीने पुढे नेले, आणि ते पुरे करायला कागद आला. युरोपीय आर्थिक समुदायाच्या नियमांनुसार कोणत्या भागात कोणती वाणे लावायची याच्या याद्या झाल्या. स्किओप्पेत्तीनो यादीत नव्हते. यादीत नाही ते लावणे बेकायदा.

पाओलो आणि दिना रापुत्सी या दाम्पत्याने 1970 मध्ये प्रेपोत्तोजवळच्या चाल्ला खोऱ्यात एक ओसाड पडलेला मळा घेतला आणि तिथे केवळ स्थानिक वाणेच लावायची असे ठरवले. आसपास तगून राहिलेल्या स्किओप्पेत्तीनोच्या वेली शोधून, त्यांच्या काड्या आणून त्यांनी कलमे केली. गुन्हा म्हणायचा तर हाच.

जवळच्या पेर्कोतो गावी नोनिनो कुटुंबाची भट्टी होती. वाइन गाळून उरलेल्या चोथ्यापासून ते 'ग्राप्पा' हे मद्य काढत, आणि 1973 पासून एकेका वाणाचा चोथा वेगळा ठेवून ते गाळू लागले होते. दुर्मीळ वाणांचा चोथा हवा, तर वेली हव्यात. वेली हव्यात, तर परवानगी हवी. (स्वार्थ होताच. तो नसता तर इतकी चिकाटी टिकली असती का, याची मला शंका आहे.) 1975 मध्ये त्यांनी अशा वेली जोपासणाऱ्यांसाठी पुरस्कार जाहीर केला आणि त्याचे नाव इटालियनमध्ये न ठेवता फ्रिउलीच्या स्वतःच्या भाषेत ठेवले: 'रिझीत दाउर', सोन्याची वेलकाडी. याच भाषेत पासोलिनीने 1942 साली आपला पहिला कवितासंग्रह प्रसिद्ध केला होता.

पहिला पुरस्कार 1976 मध्ये रापुत्सी दाम्पत्याला मिळाला. कायद्याने निषिद्ध ठरवलेल्या लागवडीचा असा जाहीर सत्कार झाला. 1977 मध्ये त्याला साहित्य पुरस्काराची जोड मिळाली, आणि 1978 मध्ये स्किओप्पेत्तीनोच्या लागवडीला अधिकृत परवानगी मिळाली.