सूर्यप्रकाश अभ्यासाचे स्वयंचलन

सूर्यप्रकाश अभ्यासाचे स्वयंचलन म्हणजे एखाद्या इमारतीवर, खिडकीवर किंवा मोकळ्या जागेवर वर्षभरात किती वेळ थेट ऊन पडते, याची मोजणी वास्तुरचनेच्या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये लहान संगणकीय आज्ञावलीच्या (स्क्रिप्टच्या) साहाय्याने करण्याची पद्धत होय. हाताने केलेल्या अभ्यासात ठरावीक तारखा व वेळा निवडून सावल्यांची चित्रे काढली जातात. स्क्रिप्टमुळे चित्रांऐवजी प्रत्येक बिंदूसाठी उन्हाचे तास मिळतात आणि दोन आराखड्यांची आकड्यांत तुलना करता येते.

पार्श्वभूमी

न्यू यॉर्कमध्ये १९१५ साली पूर्ण झालेल्या इक्विटेबल बिल्डिंगच्या प्रचंड सावलीवरून वाद झाला. १९१६ साली त्या शहराने केलेल्या नियमांमध्ये उंच इमारतींचे वरचे मजले मागे घेणे बंधनकारक झाले. संगणकापूर्वी अशा सावल्यांचा अभ्यास हेलिओडॉन या उपकरणाने होत असे. त्यात पुठ्ठ्याची किंवा लाकडाची प्रतिकृती सूर्याच्या जागी ठेवलेल्या दिव्याखाली योग्य कोनात फिरवली जाते.

स्केचअप हे सॉफ्टवेअर २००० साली प्रकाशित झाले. पुढे त्यात रुबी भाषेतून आज्ञा देण्याची सोय आली आणि सावलीची तारीख, वेळ व स्थान स्क्रिप्टमधून बदलता येऊ लागले. ऱ्हायनो या सॉफ्टवेअरमधील ग्रासहॉपरसाठी लेडीबग हा मुक्तस्रोत साधनसंच उपलब्ध आहे. रेव्हिटमध्ये डायनॅमो, तर ब्लेंडरमध्ये पायथॉन भाषा अशाच कामासाठी वापरली जाते.

कार्यपद्धती

सूर्याचे स्थान तीन गोष्टींवरून काढले जाते : स्थळाचा अक्षांश, त्या दिवशीची सूर्याची क्रांती आणि होराकोन. क्रांती वर्षभरात सुमारे २३.४ अंश उत्तर ते २३.४ अंश दक्षिण अशी बदलते. होराकोन स्थानिक मध्यान्ही शून्य असतो व दर तासाला १५ अंशांनी बदलतो. यांवरून सूर्याचा उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची) व दिगंश (उत्तरेपासूनचा कोन) मिळतो.

त्यानंतर स्क्रिप्ट पुढील क्रमाने काम करते :

१. तपासायच्या खिडक्यांवर किंवा जमिनीवर बिंदू निश्चित करणे.
२. प्रत्येक क्षणासाठी सूर्याची दिशा काढणे. सूर्य क्षितिजाखाली असल्यास तो क्षण वगळणे.
३. बिंदूपासून सूर्याच्या दिशेने काल्पनिक किरण सोडून तो एखाद्या भिंतीला, छज्ज्याला किंवा शेजारच्या इमारतीला अडतो का, हे पाहणे.
४. न अडलेल्या क्षणांची संख्या दोन क्षणांमधील अंतराने गुणून उन्हाचा कालावधी काढणे व तो तक्त्यात नोंदवणे.

दोनशे खिडक्या, दिवसाचे १० तास आणि दर १५ मिनिटांनी एक तपासणी असे धरल्यास एका दिवसासाठी ८,००० व वर्षासाठी २९ लाख २० हजार तपासण्या होतात. इतके काम हाताने करणे शक्य नसल्याने स्वयंचलनापूर्वी निवडक तारखांवरच भिस्त असे.

निकष

ब्रिटनमधील बीआरई या संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार बाग किंवा अंगणाच्या किमान निम्म्या भागावर २१ मार्च रोजी किमान दोन तास ऊन पडावे. ईएन १७०३७ हे २०१८ चे युरोपीय मानक १ फेब्रुवारी ते २१ मार्च यांमधील एका निवडलेल्या दिवशी किमान दीड तास उन्हाची अपेक्षा ठेवते. मध्यम पातळीसाठी तीन व उच्च पातळीसाठी चार तास सांगितले आहेत.

हे निकष उच्च अक्षांशांवरील गरजांमधून आले आहेत. डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवशी मध्यान्ही लंडनमध्ये सूर्य सुमारे १५ अंश उंचीवर असतो आणि ३० मीटर उंच इमारतीची सावली सुमारे १११ मीटर लांब पडते. मुंबईत त्याच दिवशी स्थानिक मध्यान्ही सूर्य सुमारे ४७.६ अंशांवर असून सावली सुमारे २७ मीटर असते. शिवाय मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मुंबईत मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो. म्हणून उत्तरेच्या खिडक्यांना थेट ऊन लागतच नाही, हे गृहीतक येथे चालत नाही.

दाट वस्तीत प्रश्न इमारतींमधील अंतराचा असतो. मुंबईतील लल्लूभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंड आदी पुनर्वसन वसाहतींवरील, डॉक्टर्स फॉर यू या संस्थेच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अपुरा सूर्यप्रकाश व वायुवीजन यांचा क्षयरोगाशी संबंध मांडण्यात आला. अशा ठिकाणी खालच्या मजल्यांचे उन्हाचे तास बांधकामापूर्वीच मोजता येणे महत्त्वाचे ठरते.

त्रुटी व पडताळणी

स्थान, उत्तर दिशा किंवा वेळ यांपैकी एक जरी चुकले, तरी स्क्रिप्ट तीच चूक लाखो तपासण्यांमध्ये करते आणि तक्ता मात्र व्यवस्थित दिसतो. भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेपेक्षा साडेपाच तास पुढे आहे. स्क्रिप्टने एक वेळ दुसरी समजून वापरल्यास सकाळची सावली दुपारची ठरते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारित असल्याने मुंबईत स्थानिक मध्यान्ह सरासरीने १२ वाजून ३८ मिनिटांच्या सुमारास होतो.

मुंबईपुरती पडताळणी शून्य सावली दिवसाने करता येते. १५ मेच्या सुमारास दुपारी १२.३५ च्या आसपास उभ्या खांबाची सावली जवळजवळ नाहीशी व्हायला हवी. मात्र सूर्य डोक्यावर असल्याने या चाचणीत उत्तर दिशेची चूक उघड होत नाही. त्यासाठी विषुवदिनी सूर्योदय पूर्वेला होतो का, हे पाहावे लागते.

किरण बिंदूच्या स्वतःच्या पृष्ठभागालाच अडू नये म्हणून बिंदू किंचित बाहेर सरकवला जातो. तसेच काचेला अडथळा न मानण्याची सूचना द्यावी लागते. अन्यथा आतील खोल्यांचे तास शून्य येतात.

मर्यादा

या पद्धतीने मिळणारे तास निरभ्र आकाश गृहीत धरतात. महाराष्ट्रात जुलैमध्ये तक्त्यातील ऊन व ढगांमधून प्रत्यक्ष पोहोचणारे ऊन यांत मोठी तफावत असते. त्यासाठी हवामानाच्या नोंदींची फाइल जोडावी लागते. आकाशातून विखरून येणारा उजेड, परावर्तित प्रकाश व उष्णता यांची गणना वेगळी करावी लागते. शेजारच्या भूखंडावर पुढे उभी राहणारी इमारत प्रतिमानात नसल्यास तिची सावलीही हिशेबात येत नाही.