नावाविना मतदार

स्वतंत्र भारताच्या बाल्यावस्थेतील १९५१ हे साल म्हटले, की पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची आठवण निघते. त्या वर्षी २५ ऑक्टोबरला हिमाचलातील चिनी येथे पहिली मते पडली. आम्हां कारकुनी पेशाच्या माणसांना मात्र मतदारयाद्यांची हकीगत अधिक मोलाची वाटते.

मतदार सतरा कोटींहून अधिक; त्यांतील निम्म्याच्या जवळपास स्त्रिया. परंतु बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान आदी राज्यांत याद्या करणारे दारी गेले, तेव्हा असंख्य स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. परक्या पुरुषापुढे ते उच्चारणे रीतीस धरून नव्हते. मग 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशाच नोंदी झाल्या. आपल्याकडे स्त्री पतीचे नाव उखाण्यात गुंफून घेई. तेथे तिचे स्वतःचेच नाव पडद्याआड राहिले.

मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी अमान्य केल्या. दुरुस्तीसाठी काही ठिकाणी मुदतही वाढवून मिळाली. तरी सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून वगळल्या गेल्या.

त्यांचे मत बुडाले, यात अन्याय नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. तथापि सरकारी कागदावर एकदा बसलेली नोंद पुसणे किती कठीण, हे दप्तर सांभाळणाऱ्यांस सांगावयास नको. 'अमक्याची बायको' मतदार म्हणून कायम झाली असती, तर 'बाई, तुमचे नाव काय?' हा प्रश्न पुन्हा कोणी विचारला असता?