‘लांबचा आवाज’ नावाची भानगड

गेमसाठी थ्रीडी ऑडिओ सेट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आवाजाचा एक ठिपका असतो. माउसने तो ओढून मागे नेला की हेडफोनमधला आवाजही लांब जातो. तुम्ही म्हणाल, त्यात काय, व्हॉल्यूम कमी केला की झालं! करून बघा. आवाज नुसता बारीक होतो, लांब जात नाही.

हे कोडं कॉम्प्युटरवर सोडवणारा जॉन चाउनिंग इंजिनिअर नव्हताच. मूळचा तालवादक, स्टॅनफर्डमध्ये संगीताचा विद्यार्थी. १९६४ साली मॅक्स मॅथ्यूजचा कॉम्प्युटर-संगीतावरचा लेख वाचून हा पठ्ठ्या थेट बेल लॅब्जला गेला आणि पंच कार्डं घेऊन परत आला.

१९७१ साली त्याचा पेपर आला. ऐकणाऱ्याभोवती चार स्पीकर. शेजारच्या दोन स्पीकर्समध्ये आवाज कमीजास्त वाटला की दिशा मिळते. आवाज पळता हवा असेल तर डॉप्लर, म्हणजे जवळ येताना चढणारी आणि जाताना उतरणारी ट्रेनची शिट्टी. आणि अंतर? हॉलमध्ये कोणी टाळी वाजवली तर एक आवाज थेट कानात येतो, दुसरा भिंतींवर आपटून. माणूस लांब गेला की थेट आवाज झपाट्याने घटतो, घुमणारा मात्र सावकाश. चाउनिंगच्या हिशोबात अंतर चौपट झालं की पहिला पाव होतो, दुसरा निम्माच. मेंदू या दोघांचं प्रमाण बघून अंतर ठरवतो!

फिरवायला आवाजही जिवंत हवेत. ते शोधताना, व्हायब्रॅटोशी खेळता खेळता, १९६७ साली त्याला एफएम सिंथेसिस सापडलं होतं. एवढं सगळं करूनही विद्यापीठाने त्याला कायम केलं नाही. (अप्रेझल फॉर्ममध्ये हे कुठल्या रकान्यात भरणार?) पुढे यामाहाने एफएमचं लायसन्स घेतलं, आणि स्टॅनफर्डने त्याला परत बोलावलं. १९८३ चा डीएक्स७ सिंथेसायझर तुफान खपला, विद्यापीठाला कोट्यवधी डॉलर मिळाले.

आज चाउनिंग म्हटलं की लोकांना एफएमच आठवतं. मूळ प्रश्न मात्र आवाज कुठे ठेवायचा, हाच होता. असो. पुढच्या वेळी ठिपका ओढाल तेव्हा रिव्हर्ब बंद करून बघा. अंतर कुठे गायब होतं ते लगेच कळेल.