दाव्यात मयताचे वारस दाखल करणे

दिवाणी दावा चालू असताना वादी किंवा प्रतिवादी मरण पावल्यास त्याच्या जागी कायदेशीर वारसांना पक्षकार करण्याची प्रक्रिया. भारतात ती दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश २२ नुसार चालते. वाटपाचे दावे आजोबांकडून नातवांपर्यंत रेंगाळतात, त्यामुळे तालुक्याच्या कोर्टात हा आदेश रोजच्या वापरातला.

पहिला प्रश्न असा, की दाव्याचा हक्क माणसामागे उरतो का? जमीन, कर्ज, करार यांत उरतो. अब्रूनुकसानीचा दावा फेटाळला गेला आणि अपील चालू असताना वादी वारला, तर हक्क त्याच्याबरोबरच संपतो, असे सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात १९८५ साली ठरवले.

मृत्यूपासून ९० दिवसांत अर्ज द्यावा लागतो. सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावे-पत्ते. अर्ज मंजूर झाला की शीर्षकात दुरुस्ती होते : ‘प्रतिवादी १ मयत तर्फे वारस १अ, १ब’. विधवा, मुलगे आणि सासरी गेलेल्या मुलीही त्यात येतात. (मुलींची नावे ‘विसरण्याची’ खोड जुनीच!) मुदत चुकली की त्या पक्षकारापुरता दावा आपोआप संपतो, वकिलांच्या बोलीत ‘अबेट’ होतो, वेगळ्या हुकमाची गरज नसते. पुढच्या ६० दिवसांत तो पुन्हा जिवंत करण्याचा अर्ज देता येतो. त्यानंतर उशीर माफ करून घ्यावा लागतो.

पण समोरचा गेला हे कळणार कसे? म्हणून १९७६ च्या दुरुस्तीने ते कोर्टाला कळवण्याची जबाबदारी मयताच्याच वकिलावर टाकली. सुनावणी संपून निकाल बाकी असताना मृत्यू झाला, तर दावा अबेट होत नाही. दरखास्तीलाही, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीलाही, हे अबेट होण्याचे नियम लागू नाहीत.